गुंड्याचं म्हणणं

दि. ३ मार्च

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

तुमचे चिरंजीव सुखरूप पोचले. सोबत त्यांची खुर्ची, उशा, औषधांचा डबा आणि तुमच्या सूचनाही पोचल्या. घास केवढा असावा, ठसका लागू नये म्हणून पाणी किती घट्ट करून पाजावं, मान कुठे टेकवावी, आणि प्रत्येक ओळीखाली लाल शाईची रेघ. वहिनी, तुम्ही शाळेत भाषा शिकवता हे मला ठाऊक आहे, पण मी काही तुमच्या सहावीच्या वर्गात नाही.

तुमच्या इमारतीची लिफ्ट बदलून होईपर्यंत त्याला इथे ठेवायला माझी ना नाही, हे आधीच सांगितलं होतं. घर तळमजल्यावर, शिवणाचा कारखाना घराला लागून, त्यामुळे खुर्ची कुठे अडत नाही. अडली ती कारखान्याची घंटा. पहिल्याच दिवशी ती वाजली आणि गुंड्या असा दचकला, की त्याचा हात उडून माझी कपबशी गेली. मी रागावले. तो मुद्दाम करत नाही, अचानक आवाज झाला की त्याचं अंग त्याला न विचारता उडतं, हे तुमच्या सूचनांत होतं म्हणे; मी तिथवर पोचले नव्हते. आता घंटा काढून दिवा बसवलाय. दिवा लागला की बायका मशीन सोडून जेवायला उठतात.

पत्राचं खरं कारण निराळंच आहे. आमचे कटर मास्तर मोठ्या टेबलावर कापड पसरतात, त्यावर कागदाचे नमुने मांडतात, पाठ, बाही, खिसा, आणि खडूने आखून कापतात. मांडणी जितकी दाट, तितकं कापड कमी वाया जातं. गुंड्या दिवसभर ते बघत बसतो. परवा तो काहीतरी बोलला. मला कळलं नाही. मी विचारलं पाणी हवं का, भूक लागली का, डोळ्यांवर ऊन येतंय का. तो लालबुंद झाला आणि अंग काठीसारखं ताठ. शेवटी मी मशीन बंद केलं, त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसले आणि तोंड मिटलं. हे शेवटचं मला किती जड जातं ते तुम्हाला माहीतच आहे. तेव्हा कळलं. तो सांगत होता, की बाही उलटी फिरवली तर पाठीच्या बगलेत बसते, मास्तर आंधळे आहेत का, आणि आत्या ही एक बिनडोक बाई आहे. त्यानंतरचा शब्द भ च्या बाराखडीतला होता. तो मी लिहीत नाही, उगाच तुमची लाल शाई खर्ची पडायची.

मास्तरांनी बाही फिरवली आणि ती बसली. मास्तर दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. मला मात्र विचारायचंय, हा घरीही असाच बोलतो का? तुमच्याकडे आले की तो काहीतरी म्हणतो आणि तुम्ही सांगता, गुंड्या विचारतोय, आत्या, प्रवास नीट झाला ना. मला तो फार गुणी वाटायचा. आता आवडायला लागलाय.

लोभ आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते.

आपली,
धाकटी नणंद

दि. ८ मार्च

वन्संस,
न. वि. वि. (सप्रेमचा ‘स’ मुद्दाम गाळला आहे. घाईत राहिला असं समजू नये.)

तुमचं पत्र वाचून माझ्या पायाखालची जमीन सरकली. माझा मुलगा असं बोलत नाही. तेविशीचा झाला, आजवर त्याच्या तोंडून वाईट शब्द गेला नाही. हे सगळं तुमच्या कारखान्यातलं. जशी संगत तशी रंगत. आणि तुम्हाला त्याचं बोलणं कळतं, हे तुम्ही कुठल्या जोरावर म्हणता? मला ते कळायला वर्षं गेली. तुम्ही स्टुलावर बसलात आणि लगेच पारंगत झालात!

तुम्ही त्याला कामाला लावलंय हेही लक्षात आलं. तो थकला की त्याचे स्नायू आणखी आखडतात, मग रात्रभर पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात. तो स्वतःच्या हाताने जेवतो असं मास्तरांच्या बायकोने मला फोनवर कौतुकाने सांगितलं. कौतुक कसलं? त्याला ठसका लागला तर घास श्वासनळीत जाईल. तुम्हाला वाटतं, हे सूचनांचं खूळ आहे. जन्मताना तो उशिरा रडला. तेवढ्यात मेंदूच्या ज्या भागाकडून स्नायूंना हुकूम जातात, त्या भागाला इजा झाली. बुद्धीला काही झालेलं नाही, आणि हा आजार नाही की औषधाने जाईल. हे मी तुम्हाला तेव्हाही समजावलं होतं, तो पाळण्यात असताना. तेव्हा तुमच्याकडून उत्तर आलं होतं, की आमच्या घराण्यात असं कुणी नव्हतं. ते वाक्य मी विसरलेले नाही. तुमचा दादा गेला, तरी विसरले नाही.

आता महत्त्वाचं. गुंड्याच्या पायांच्या ऑपरेशनची तारीख २८ ठरली आहे. आखडलेले स्नायू सोडवून घेतले, की तो आधाराने उभा राहू शकेल. डॉक्टर म्हणाले, खात्री देत नाही, मुलाची स्वतःची तयारी हवी. त्यांनी त्यालाच विचारलं, आणि तो म्हणाला, थोडी भीती वाटतेय, पण मी तयार आहे. लिफ्ट लवकरच सुरू होतेय. मी २१ ला त्याला न्यायला येते. तोवर त्याला टेबलापासून लांब ठेवा. तो हल्ली फोनवर येत नाही, तेही तुम्हीच शिकवलेलं दिसतंय.

कळावे. राग आहेच, तो वाढू नये ही विनंती.

गुंड्याची आई

दि. १३ मार्च

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि. (माझी अक्षरं पूर्ण आहेत. माणसाने निदान मायन्यात तरी कंजूषपणा करू नये.)

तुमचं पत्र मी गुंड्याला वाचून दाखवलं. त्याचं आहे तर त्याला कळायला हवं, असं मला वाटलं. तो तयार आहे म्हणाल्याचं वाचलं तिथे तो हसायला लागला. त्याचं हसणं तुम्हाला माहीत आहे, मान मागे जाते, पाय ताठ होतात आणि खुर्ची हलते. मग हसणं थांबलं.

त्यानंतर त्याने जे सांगितलं ते मी तोडून तोडून, परत परत विचारून, मास्तरांना साक्षीला बसवून समजून घेतलंय. तेव्हा मला कळत नाही असं म्हणू नका. तो म्हणतो, डॉक्टरांना मी सांगितलं होतं की नको. शाळेत असताना दोनदा झालं, दोन्ही वेळा पाय प्लॅस्टरमध्ये, दोन्ही वेळा आधी जे जमत होतं ते परत पहिल्यापासून शिकावं लागलं. पाय माझे आहेत. एवढं सगळं तो बोलला, आणि तुम्ही डॉक्टरांकडे वळून म्हणालात, त्याला थोडी भीती वाटतेय.

वहिनी, हे खरं आहे का?

फोनचंही सांगते. मी काही शिकवलेलं नाही. तो म्हणतो, आई फोनवर माझीही बाजू तीच बोलते, मग माझी गरज काय. तुमच्या कानात गाळणी बसवली आहे, वहिनी. त्याच्या तोंडून वाईट शब्द गेला नाही म्हणता, तो जायचा तेव्हा गाळणीत अडकायचा.

जेवणाचं तुमचं खरं आहे, ठसका लागतो. म्हणून मी समोर बसते, मान पुढे झुकलेली ठेवते, घास मऊ आणि लहान. चमच्याला जाड मूठ शिवून दिलीय, जुन्या कोटांच्या कापडाची. सांडतो भरपूर, वेळ लागतो, मला कंटाळा येतो. त्याला येत नाही. आणि कामाचं म्हणाल तर टेबल मी खाली करून घेतलंय, त्याची खुर्ची आत शिरते. डाव्या हाताच्या बोटांच्या पेरांनी तो नमुने सरकवतो. त्याला पायांवर उभं राहायचं नाहीये, त्याला खुर्ची हवीय, मोटरची, कारण हाताची ताकद चाकं ढकलण्यात गेली तर नमुने सरकवायला उरत नाही. हे मी माझ्या मनाचं लिहीत नाहीये.

२१ ला येऊ नका.

लोभ असो वा नसो, ही विनंती.

धाकटी नणंद

दि. १७ मार्च

वन्संस,
(मायना नाही. तुमच्याकडे अक्षरं जास्त आहेत, तुम्हीच घालून घ्या.)

हो. खरं आहे.

आता तुम्ही ऐका, आणि मी बोलतेय तोवर मध्ये बोलू नका. तसं बसायला तुम्हाला आता येतं म्हणे. गुंड्याला शाळेत घालायचं होतं तेव्हा मुख्याध्यापकांनी त्याला पाढे विचारले. त्याने सगळे बरोबर सांगितले, आणि वर म्हणाला, की ह्या माणसाला ऐकू येत नाही का, किती वेळा सांगू. तेही मी तसंच सांगायला हवं होतं ना? मी सांगितलं, तो म्हणतोय, सर, आणखी विचारा. प्रवेश मिळाला. बस कंडक्टर, बँकेतला कारकून, शेजारीण, ह्या सगळ्यांना आधी त्याच्या हनुवटीवरची लाळ दिसते, मग वाकडे हात दिसतात, शब्द ऐकू येईपर्यंत ती माणसं निघून गेलेली असतात. जी थांबतात, ती गोड शब्दासाठी थांबतात. चालत्याबोलत्या मुलाचा उर्मटपणा लोक चालवून घेतात, माझ्या मुलाचा नाही घेणार. मी गाळलं नसतं तर तो आज घरात कोंडलेला असता. तुम्हाला दोन आठवड्यांत त्याच्या शिव्यांचं कौतुक वाटतं, कारण त्या शिव्यांची किंमत तुम्हाला कधी मोजावी लागली नाही.

आणि ऑपरेशन. मला काय त्याला शर्यतीत पळवायचंय? त्याला अंथरुणातून खुर्चीत, खुर्चीतून शौचालयात मी उचलते. तुमचा दादा होता तेव्हा दोघं होतो. आता मी एकटी आहे, माझी कंबर सकाळी उठताना म्हणते, आधी मला उठव. तो कठडा धरून क्षणभर उभा राहिला, तर त्याला हलवणं एका माणसाला झेपेल. कोणत्याही एका माणसाला. मी गेल्यावर त्याला कोण उचलणार आहे, वन्सं? तुम्ही? तुमचं वय माझ्यापेक्षा फार कमी नाही. तुमचे मास्तर? ही भीती मला रोज वाटते. थोडी नाही वाटत, खूप वाटते. डॉक्टरांसमोर मी माझंच वाक्य त्याच्या तोंडी घातलं, झालं समाधान?

मी २१ ला गाडी घेऊन येतेय. त्याची बॅग भरून ठेवा. तुमच्या उंबऱ्याच्या आत मी पाऊल टाकणार नाही.

आता कुणाचा लोभ कुणावर असावा ते मला सुचत नाही.

गुंड्याची आई

दि. १९ मार्च
(हे पत्र टपालाने नाही, परवा तुमची गाडी आली की ड्रायव्हरच्या हाती देईन. परतीच्या वाटेत वाचा.)

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

बॅग भरलीय. जाड मुठीचे चमचे वरच्या कप्प्यात आहेत. तुम्ही ते वापरणार नाही हे मला माहीत आहे, तरी भरलेत.

घराण्याचं ते वाक्य माझ्या आईचं होतं. मी शेजारी उभी होते. तुम्ही आम्हा दोघींना एकाच दाव्याला बांधलंत आणि इतकी वर्षं बांधून ठेवलंत, आता सोडवायला मला वेळ नाही.

माझा विचार होता की मीही तुमच्याबरोबर यावं, डॉक्टरांसमोर बसावं, आणि गुंड्या काय म्हणतो ते मी सांगावं. तसं मी त्याला बोलून दाखवलं. तो सरळ नाही म्हणाला. मला इतका राग आला वहिनी, की काय सांगू. इतकं करून मला म्हणतो, तू नको. मी कारण विचारलं. तो म्हणाला, तुला माझं निम्मं कळतं, उरलेलं तू अंदाजाने ठोकतेस, आणि मास्तरांना बोलावून मत घेतेस. आईला सगळं कळतं. अर्ध्या शब्दात कळतं. तेच तर दुखतं. तिला न कळून ती चुकली असती तर मी कधीच सोडून दिलं असतं.

मग म्हणाला, तिलाच सांगू दे. फक्त सांगू दे.

हे लिहिताना मला तुमचा हेवा वाटला, हे तुमच्या तोंडावर सांगितलं नसतं. त्याने खिशांचे नमुने अर्धेच मांडून ठेवलेत, मास्तर त्यांना हात लावत नाहीत. तो परत आला नाही तर ते टेबल परत वर करायचं की तसंच ठेवायचं, तेवढं कळवा.

पत्राच्या शेवटी काहीतरी चांगलं लिहावं लागतं. जपून जा.

धाकटी नणंद

दि. २९ मार्च

वन्संस,
स. न. वि. वि. (‘स’ घातला आहे. त्याचा फार अर्थ लावू नये.)

काल त्या डॉक्टरांकडे गेलो. ऑपरेशनचीच तारीख होती, पण ऑपरेशनच्या खोलीत जायच्या आधी डॉक्टर परत एकदा विचारतात, अशी तिथली पद्धत आहे. त्यांनी स्टूल खाली केलं आणि गुंड्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून विचारलं. गुंड्या बोलला. त्याला वेळ लागला. घाबरला की त्याचा जबडा आधी आखडतो, शब्द मागे राहतात. डॉक्टरांना नीट कळलं नाही, आणि त्यांनी नेहमीसारखं माझ्याकडे पाहिलं.

माझं वाक्य तयार होतं. तुम्हाला खोटं कशाला सांगू, जिभेच्या टोकावर होतं. पत्र वाचूनसुद्धा होतं. तुमच्या पत्राने माणूस लगेच बदलतो अशा भ्रमात राहू नका. पण गुंड्याची मान डॉक्टरांकडे नव्हती, माझ्याकडे होती. आणि ती मान मोठ्या मुश्किलीने वळते.

तेव्हा मी सांगितलं. तो ‘मी’ म्हणाला तिथे मीही ‘मी’ म्हटलं. मी म्हटलं, मला ऑपरेशन नको. मागच्या वेळीही मी नकोच म्हणालो होतो. माझ्या आईने खोटं सांगितलं. माझ्या आईला वाटतं, ती मेल्यावर मला कोणी उचलणार नाही. ती भीती तिची आहे, ती तिने माझ्या पायांत शिवू नये. मला काम मिळालंय, मला तिथे जायचंय. आणि एवढं ऐकूनही जो कोणी म्हणेल, की ह्याला थोडी भीती वाटतेय, तो एक नंबरचा... आणि त्यानंतरचा शब्द. तोही मी सांगितला, वन्सं. शिवीसकट सांगितलं. मी, भाषेची शिक्षिका, भर दवाखान्यात, परिचारिकेसमोर. माझ्या आईने खोटं सांगितलं, हे माझ्याच आवाजात ऐकताना मला कसं झालं असेल ते तुम्हाला कळणार नाही, आणि मी सांगणारही नाही.

 डॉक्टरांनी कागद बाजूला सारला आणि ऑपरेशन रद्द केलं. मुलाचं म्हणणं कळलं, म्हणाले. त्यानंतर त्यांनी मला विचारलं, की तुमची कंबर कशी आहे. इतकी वर्षं त्या खोलीत जातेय, हे कुणी पहिल्यांदा विचारलं. मी रडले. उचलायची पट्ट्याची यंत्रं मिळतात, त्यात माणसाला बसवून एकटी बाईसुद्धा अंथरुणातून खुर्चीत ठेवू शकते. खुर्ची आणि पलंग एका उंचीला असले तर गुळगुळीत फळीवरून सरकताही येतं, त्याला शिकवू म्हणाले. माझी भीती गेली नाही. तिला निदान कुठे ठेवायचं ते समजलं.

बाहेर आलो तर तुमचा भाचा हसत होता. खुर्ची हलवत, मान मागे टाकून, लोक बघताहेत ह्याची पर्वा न करता. मला वाटलं, आता आईला काहीतरी बरं बोलेल. तो म्हणाला, शिवी अशी देत नाहीत. तू ती धडा वाचल्यासारखी दिलीस. जोर पहिल्या अक्षरावर हवा. मग वाटभर त्याने मला ती म्हणायला लावली. ड्रायव्हरने आरसा फिरवून घेतला.

तो सोमवारी तुमच्याकडे परत येतोय. टेबल खालीच राहू द्या. तुमच्या चमच्यांची मूठ लहान आहे, ती थोडी लांब करा, मी वापरून पाहिलेत. ह्याचा अर्थ मी तुम्हाला माफ केलं असा नाही. दोघींना एका दाव्याला बांधलं म्हणता, तर तुमच्या बाजूने ते सोडायला तेव्हा एक शब्द पुरला असता, आणि तुम्ही तोंड मिटून उभ्या होतात. मी उंबऱ्याच्या आत येईन, पण चहा घेणार नाही.

गुंड्याचा तुमच्यासाठी आणि मास्तरांसाठी निरोप आहे. जसाच्या तसा देते: मी येईपर्यंत खिशाला कुणी कात्री लावली, तर तो माणूस म्हणजे... पुढचा शब्द पत्रात लिहिणं मला अजून जमत नाही. तो वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत पाठवला आहे. शुद्धलेखन तपासलं आहे.

कळावे. लोभ कसा करायचा ते तुमचं तुम्ही ठरवा.

वहिनी